वाकळ द्यावी, जुनेर नव्हे



मुंबईस माटुंग्याला श्रद्धानंद महिलाश्रम आहे. १९२७ साली निघालेली ही संस्था निराधार स्त्रिया व मुलांना आसरा देते. अशा संस्थांना काही द्यायचे म्हटले की आपण घरातले जुनेर गाठोड्यात बांधून मोकळे होतो. आम्हीही हेच करीत आलो, लपवून काय उपयोग? पण त्यातले फाटके-विटके निवडायचे काम घेणाऱ्याच्याच गळ्यात पडते.

त्यापेक्षा त्याच कापडाची वाकळ शिवून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाळप संपले की उन्हाळ्याच्या दुपारी चौघीजणींनी ओसरीवर बसावे. सुती लुगडी, धोतरे धुऊन तीन-चार पदरी अंथरावीत, वर रंगीत तुकडे लावावेत आणि कडेकडेने धावदोरा घालीत मध्याला यावे. एकटीला कंटाळा येतो. चौघी चार कडांना बसल्या तर गप्पांत काम उरकते. आत टेरिलीन मात्र घालू नये, ते घाम टिपत नाही. बोजडही करू नये. ओली वाकळ पिळायला दोन माणसे लागतात!

माटुंगा लांब वाटते? मग आपल्याच फडात बघा. बीडकडून आलेली ऊसतोडणीची बाई थंडीत पोर पाचटावर निजवून मोळ्या बांधते. तो ऊस आपलाच असतो. म्हणून पहिल्या वाकळा कोप्यांवर जाव्यात, पुढच्या माटुंग्याला. गावोगावच्या महिला मंडळांनी मोळी पडण्याआधी गट ऑफिसात नावे द्यावीत.