फोन कंपनीत गेला, रिमोटही गेला

"आता रिमोट शोधायला नको, तो फोनमध्येच आहे," असे हल्ली घरोघरी ऐकू येते. टीव्हीचा एक, सेट टॉप बॉक्सचा दुसरा, पंख्याचा तिसरा आणि एसी असलाच तर त्याचा चौथा. एवढे रिमोट सांभाळण्यापेक्षा एकाच फोनवर सगळे आले तर कोणाला नको आहे? सोय खरीच आहे. मात्र ती घरातल्या कोणाची सोय आहे, हे जरा पाहू या.

ही कल्पना नवी नाही. स्टीव्ह वोझनियाक यांनी ॲपल सोडल्यावर 1987 मध्ये अनेक यंत्रांचे इशारे शिकून घेणारा एकच रिमोट बाजारात आणला होता. पुढे हातात मावणारे पाम संगणक आले. 1998 च्या पाम थ्रीमध्ये दुसऱ्या पामला माहिती पाठवण्यासाठी इन्फ्रारेडची खिडकी होती. हौशी लोकांनी त्याच खिडकीतून टीव्ही चालवायला सुरुवात केली. अडचण एवढीच की तो दिवा दोन हातांवरच्या यंत्रासाठी केलेला, म्हणून टीव्हीच्या अगदी जवळ जावे लागे. जवळ जायचेच असेल तर टीव्हीचे बटण काय वाईट!

आपल्याकडे रिमोटची गरजच उशिरा निर्माण झाली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले. नंतर सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याच्या बाजूलाही चित्र दिसू लागले, पण वाहिनी एकच. बदलायचे काय? आवाज कमी करायला घरातले सर्वांत धाकटे मूल उठायचे, तोच रिमोट. नव्वदच्या दशकात केबल आली, वाहिन्यांची रांग लागली आणि मग रिमोटवरून भावंडांत भांडणे सुरू झाली.

फोनमधला रिमोट चालतो कसा? रिमोटच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. बटण दाबले की तो सेकंदाला साधारण 38 हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकीत मध्ये मध्ये लहान-मोठे विराम सोडून आकडा पाठवला जातो: अमुक यंत्र, अमुक काम. असाच दिवा फोनच्या वरच्या कडेला असेल तर फोन रिमोट होऊ शकतो. शाओमीच्या रेडमी आणि पोको मालिकेतील बऱ्याच फोनमध्ये तो असतो, आयफोनमध्ये नसतो. कडेवर काळसर काचेचा बारीक ठिपका दिसतो का ते पाहा. दिवाच नसेल तर कोणतेही ॲप उतरवून तो उगवणार नाही. तशी ॲप्स पुष्कळ आहेत, ती जाहिराती दाखवतात आणि तुमचे संपर्क, तुमचा ठावठिकाणा मागतात. पंखा कमी करायला तुमच्या माहेरच्यांचे नंबर कशाला हवेत? स्मार्ट टीव्ही वायफायवरून चालवता येतो, ती गोष्ट वेगळी.

आता मूळ मुद्दा. आमच्या गल्लीतील एका घरात मुलाने तीन रिमोट फोनमध्ये भरले आणि जुने रिमोट, सेल काढून, पेटीत टाकले. मुलगा चाकणला कामाला. सकाळी सहाला कंपनीची बस, म्हणून पाचला उठणे. फोन अर्थातच त्याच्याबरोबर. घरात उरल्या सून, दोन लेकरे आणि दादी. पंखा नव्या पद्धतीचा, कमी विजेचा. अशा पंख्यांचा एक कारखाना, ॲटमबर्गचा, चाकणलाच आहे. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास वीज घेतो, हा 28. पण याला भिंतीवर रेग्युलेटर नसतो. भिंतीच्या बटणाने तो फक्त चालू किंवा बंद होतो, वेग रिमोटवर. दादींना पहाटे गार वारा सोसत नाही, बंद केला तर डास. मग त्या दिवसभर चादर पांघरून बसायच्या. सून म्हणाली, "मॅडम, घरात आम्ही चौघं, पण पंख्याचा मालक चाकणला." नवऱ्याला फोन करून विचारावे, तर त्याच्या खात्यात कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये.

यात मुलाचा हेतू वाईट नव्हता, त्याने हौसेनेच केले. परंतु रिमोट हे घरातले असे एक साधन आहे जे घराच्या मालकीचे असते, माणसाच्या नाही. फोन माणसाचा असतो, त्याला कुलूप असते. रिमोट फोनमध्ये गेला की पंख्याला, टीव्हीला त्या कुलपाची किल्ली लागते. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, अशा दिवशी तर सगळे घरी असूनही प्रत्येकाला बाबांच्या हातातल्या फोनकडे पाहावे लागते. दादींच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. रबरी बटण अंधारातही बोटाला कळते. काचेवर सगळे सारखेच गुळगुळीत.

मी त्यांना सांगितले, जुने रिमोट पेटीतून काढा, सेल घाला. फोनची सोय जोडीला असू द्या. ज्यांच्याकडे तडा गेलेला जुना रेडमी पडून असेल त्यांनी तो सिमशिवाय, कुलूप न लावता फडताळावर ठेवावा. इन्फ्रारेडला सिमही लागत नाही, नेटही नाही. मात्र त्याची बॅटरी फुगली असेल तर तो घरात ठेवू नका, आणि चांगला असला तरी कायम चार्जिंगला लावून ठेवू नका.

एसीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. टीव्हीचा रिमोट "आवाज वाढव" एवढेच सांगतो. एसीचा रिमोट प्रत्येक वेळी पूर्ण हुकूम पाठवतो: तापमान, पंख्याचा वेग, सगळे. तुम्ही फोनवरून 26 केले, पण हातातल्या रिमोटच्या पडद्यावर काल रात्रीचे 20 तसेच आहे. आजीने एकदा "वर" दाबले की एसी 27 वर नाही, 21 वर जातो, आणि थंडी का वाढली हे कोणाला कळत नाही. म्हणून एसीपुरता एकच रिमोट ठरवावा.

मुलांविषयीही सांगायला हवे. एका कंपनीच्या एका जातीच्या सगळ्या टीव्हींना इशारा एकच असतो. त्याला पासवर्ड नाही. आमच्या आठवीतल्या पोरांना हे आमच्याआधी कळले. चहाच्या टपरीवर मॅच रंगात आली की लांबून टीव्ही बंद करायचा आणि मालकाची धावपळ पाहायची. मी वर्गात रागावण्याऐवजी त्यांना फळ्यावर आकडे मांडायला लावले, की असा इशारा बनतो कसा. दोघांनी नंतर टपरीवाल्या चाचांकडे जाऊन आपणच ते, असे कबूल केले. चाचांनी त्यांच्याकडून ग्लास विसळून घेतले.

रिमोट बिघडला असे वाटले तर आधी सेल बदला. मग फोनचा कॅमेरा सुरू करून त्याच्यासमोर रिमोटचे बटण दाबा. पडद्यावर जांभळट उजेड लुकलुकला तर दिवा ठीक आहे. मागचा कॅमेरा तो उजेड गाळतो, म्हणून सेल्फीचा कॅमेरा वापरून पाहा. दिवा गेला असेल तर बॉक्सचा साधा रिमोट बाजारात दीड-दोनशे रुपयांत मिळतो. दुकानदार पहिल्यांदा मॉडेल नंबर विचारतो. तो टीव्हीचा सांगू नका, बॉक्सच्या तळाशी चिकटवलेला सांगा, आणि अक्षरे पुसण्याआधी घरखर्चाच्या वहीत लिहून ठेवा.