नव्या रचनेलाही श्रोता हवा

आपल्या समाजाच्या संमेलनांत हल्ली सॅक्सोफोन आणि पियानो दिसू लागले आहेत. येथे जन्मलेली आपली मुले संगीतशाळांत ही वाद्ये शिकतात आणि आपणही त्यांना कौतुकाने व्यासपीठावर बोलावतो. मात्र त्यांनी ओळखीचे एखादे गाणे वाजवावे, एवढीच आपली अपेक्षा असते. आजच्या काळातील एखाद्या संगीतकाराची नवी रचना त्यांनी आरंभिली की सभागृहात कुजबुज सुरू होते आणि ‘यात चाल कोठे आहे?’ असे कोणीतरी विचारतेच.

वडीलधाऱ्यांचा आक्षेप अगदीच पोकळ आहे असे नाही. घरोघरी मराठी बोलणारे कमी होत आहेत, कीर्तनकार विरळ झाले आहेत. जुनेच जपण्यास आपले बळ अपुरे पडत असता नव्याचे कोडकौतुक कशासाठी, असे त्यांना वाटते. या आक्षेपाचे उत्तर मला कुवेतच्या दोन यहुदी भावांच्या चरित्रात सापडते.

सालेह आणि दाऊद अल-कुवेती हे ते बंधू. थोरल्याचा जन्म १९०८ चा, धाकट्याचा १९१० चा. कुवेतचा आणि मुंबईचा संबंध त्या काळी घरोब्याचा होता. तेथील गलबते आपल्या बंदरात येत, आणि १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालत असे. ‘सौत’ या कुवेती गानप्रकाराचे प्रवर्तक मानले जाणारे अब्दुल्ला अल-फरज हेसुद्धा मुंबईत वाढलेले. या दोघा भावांना त्यांची पहिली वाद्ये, एक व्हायोलिन आणि एक ऊद, हिंदुस्थानच्या सफरीहून परतलेल्या काकांनी भेट दिली, असे सांगतात. ऊद हे अरबांचे पुरातन तंतुवाद्य. व्हायोलिन मात्र युरोपातून आलेला पाहुणा. बालवयातच हे दोघे कुवेतच्या प्रतिष्ठितांपुढे वाजवू लागले. पुढे ते बसऱ्यास आणि तेथून बगदादला गेले.

बगदादमध्ये त्यांनी केवळ जुन्या मकामांची उजळणी केली नाही. सालेह यांनी शेकडो नव्या चाली बांधल्या. १९३२ मध्ये इजिप्तच्या विख्यात गायिका उम्म कुलसूम बगदादला आल्या, तेव्हा त्यांनी सालेह यांची एक रचना गायिली. १९३६ मध्ये इराकचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचा वाद्यवृंद उभारण्यात या बंधूंचा प्रमुख वाटा होता. आज ज्यांना इराकची परंपरागत गाणी म्हणतात, त्यांतील कित्येक त्या वेळची अगदी ताजी, आधुनिक गाणी होती. ती ऐकणारे कान तेव्हा तयार होते, म्हणूनच ती पुढे परंपरा झाली.

१९५१ मध्ये दोघे इस्राएलला आले आणि येथे हे कान हरपले. रेडिओच्या अरबी कार्यक्रमांत ते वाजवीत, आणि सीमेपलीकडे इराकात व कुवेतमध्ये लोक ते ऐकत. परंतु ज्या देशात ते राहत होते, तेथील संगीतसभांना त्यांची गरज भासली नाही. तेल अवीवच्या हतिक्वा वस्तीत घरगुती भांड्यांचे दुकान चालवून त्यांनी संसार केला. आपल्या मुलांनी वाद्याला हात लावू नये, असे त्यांनी बजावल्याचे कुटुंबीय सांगतात. दाऊद १९७६ मध्ये वारले, सालेह १९८६ मध्ये. दाऊद यांचा नातू दूदू तस्सा याचा जन्म १९७७ चा. आजोबांचे वादन समोर बसून ऐकण्याचे भाग्य त्यास लाभले नाही. त्याने ध्वनिमुद्रिकांवरून ती गाणी उचलली, आजच्या वाद्यांवर बसविली आणि २०११ मध्ये त्यांची तबकडी काढली, तेव्हा देशाने कौतुक केले. आता त्या वस्तीतील एका रस्त्यास या बंधूंचे नावही आहे. पण रस्त्याच्या पाटीला टाळ्या ऐकू येत नाहीत.

सॅक्सोफोनचे नशीबही काहीसे असेच. अडॉल्फ साक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. तेथील संगीत महाविद्यालयात त्यांनी चालविलेला वर्ग १८७० मध्ये बंद पडला, तो १९४२ मध्ये मार्सेल म्यूल यांच्या हाती पुन्हा सुरू झाला. या वाद्याला मोत्झार्ट नाही, बीथोव्हेन नाही. ते दोघेही त्याच्या जन्मापूर्वीच निवर्तले. सॅक्सोफोन आणि पियानो यांच्यासाठी पॉल क्रेस्टन यांनी १९३९ मध्ये आणि एडिसन डेनिसॉव्ह यांनी १९७० मध्ये सोनाटा लिहिले. ज्याचे भांडारच अलीकडचे, त्या वाद्याच्या विद्यार्थ्यास ‘नवे वाजवू नकोस’ म्हणणे म्हणजे वाद्य पेटीत ठेव म्हणण्यासारखे आहे.

आणि आपले कीर्तन तरी किती पुरातन? १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्यापैकी काही जणांनी हिंदू कीर्तनाचे रूप स्वीकारून त्यात आपल्या पूर्वजांच्या कथा मराठीतून गाण्यास प्रारंभ केला. त्या दिवशी श्रोत्यांनी पाठ फिरविली असती, तर आज जपण्यास कीर्तन उरले नसते.

म्हणून एक नम्र सूचना. पुढील संमेलनात कीर्तनाला त्याचा मान द्यावाच. त्याबरोबर एक वीस मिनिटे मुलांच्या नव्या रचनांसाठी राखून ठेवावीत. वादनापूर्वी त्या मुलाने रचनेविषयी चार वाक्ये, जमल्यास मराठीत, बोलावीत. रचना लहान असेल तर ती दोनदा वाजवावी. वर्गात कोणताही कठीण पाठ पहिल्या वाचनात उमगत नाही, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असते. संगीताचेही तेच आहे. रचना आवडलीच पाहिजे असा आग्रह नाही. नावडली तर तसे प्रेमाने सांगावे, पण शेवटपर्यंत शांतपणे ऐकून मगच सांगावे.