अभियांत्रिकी भौतिकी : आधी ताणा, मग बाणा

पी. यू. सी.चा निकाल लागला की शहापुरात घरोघरी एकच वाद सुरू होतो : मुलाला इंजिनिअर करायचे की बी. एस्सी.ला घालायचे? इंजिनिअरिंग म्हणजे भाकरी आणि भौतिकशास्त्र म्हणजे हौस, अशी आपली पक्की समजूत. या दोहोंच्या मधून जाणारी अभियांत्रिकी भौतिकीची पदवी फारशी कोणाच्या ध्यानातच येत नाही. पुष्कळांना तर तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचा एक पेपर वाटतो. वास्तविक हा चार वर्षांचा स्वतंत्र बी. टेक. अभ्यासक्रम आहे. मुंबई व दिल्लीच्या आय. आय. टी.त तो आहेच. 2016 साली सुरू झालेल्या, आपल्या शेजारच्या धारवाडच्या आय. आय. टी.तही आहे.

त्याची आखणी कशी करावी हे आपल्या शहापुरी मागाकडून शिकावे. ताणा नीट लागला नाही तर बाणा कितीही भरजरी असो, लुगडे साधत नाही. येथे गणित हा ताणा. सदिश कलनाशिवाय मॅक्सवेलची समीकरणे आणि रेषीय बीजगणिताशिवाय क्वांटम यामिकी म्हणजे निव्वळ पाठांतर. म्हणून पहिली दोन वर्षे गणित, प्रोग्रॅमिंग आणि प्रयोगशाळा यांवर भर द्यावा. अर्धवाहक, लेसर की संगणन, ही निवड तिसऱ्या वर्षी करावी. चौथे वर्ष प्रकल्पाचे. सुट्टीत उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात अचूक मोजमाप कसे करतात तेही पाहावे.

अडचण आहे ती प्रवेशाच्या दाराशी. जे. ई. ई. मेन 2021 पासून तेरा भाषांत होते. पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. म्हणजे आपल्या मुलाने त्यासाठी बेळगाव सोडून कोल्हापूर गाठायचे! पुढच्या अॅडव्हान्स्ड परीक्षेत तर मराठीही नाही आणि कन्नडही नाही. फक्त इंग्रजी व हिंदी. या बाबतीत आपण आणि आपले कन्नड मित्र एकाच नावेत आहोत. तेव्हा हायस्कूलपासूनच 'संवेग' आणि 'मोमेंटम' हे शब्द जोडीने शिकवले गेले पाहिजेत. कल्पना मातृभाषेत पक्की झाली की परक्या भाषेतला प्रश्न घाबरवत नाही.

आणि ते दार नाहीच उघडले तर? बी. एस्सी.ला भौतिकशास्त्र व गणित घेऊन याच क्रमाने अभ्यास करता येतो. पुढे जॅम परीक्षा देऊन आय. आय. टी.त एम. एस्सी.ला जाता येते. मित्रहो, निकालानंतर आठ दिवस वाद घालण्यापेक्षा निकालाआधी दोन वर्षे विचार करावा, एवढेच सांगणे.