ईश्वरावाचून धर्म

बौद्ध धर्म हा खरोखर धर्म आहे की ते केवळ एक तत्त्वज्ञान आहे, असा प्रश्न विद्वानांनी पुष्कळदा उपस्थित केला आहे. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. धर्म म्हटला म्हणजे जगाचा निर्माता ईश्वर आला, अमर आत्मा आला, प्रार्थना आणि कृपा आली, अशी सर्वसाधारण समजूत असते. गौतम बुद्धांनी जगाचा कर्ता मानला नाही, नित्य आत्मा मानला नाही आणि स्वतःस कोणाचा प्रेषितही म्हणवून घेतले नाही. मग याला धर्म कसे म्हणावे?

बुद्धांच्या संघात मालुंक्यपुत्र नावाचा एक भिक्षू होता. जग शाश्वत आहे की अशाश्वत, त्याला अंत आहे की नाही, हे बुद्धांनी सांगितले नाही म्हणून तो असंतुष्ट झाला. उत्तर मिळत नसेल तर संघ सोडून जाईन, असे त्याने सांगितले. तेव्हा बुद्धांनी त्याला एका मनुष्याचा दृष्टांत दिला. त्या मनुष्यास विषारी बाण लागला. आप्तांनी वैद्य आणला. पण बाण मारणारा कोणत्या कुळातला, उंच की ठेंगणा, त्याच्या धनुष्याची दोरी कशाची, हे कळल्यावाचून बाण काढू देणार नाही, असा हट्ट तो धरून बसला. अशा मनुष्यास उत्तरे मिळण्यापूर्वीच मरण यावयाचे!

तो बाण म्हणजे दुःख. बुद्धांची चार आर्यसत्ये वैद्याच्या रीतीचीच आहेत. दुःख आहे, तृष्णा हे त्याचे कारण आहे, तृष्णा नाहीशी झाली की दुःखही नाहीसे होते, आणि तेथवर नेणारा मार्ग आहे. हा अष्टांगिक मार्ग केवळ ध्यानास बसण्याचा नव्हे. त्यात वाणी आहे, वर्तन आहे, आणि विशेष म्हणजे उपजीविकाही आहे. शस्त्रे, मनुष्य, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धांनी सांगितले. मनुष्य आपले पोट कशावर भरतो, याचीही चौकशी करणारी ही शिकवण नुसत्या वादविवादासाठी खासच नव्हती.

तत्त्वज्ञान समजले म्हणजे पुरे होते. येथे मात्र पंचशील पाळावे लागते, बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जावे लागते. कार्ल्याच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले भव्य चैत्यगृह आजही उभे आहे. त्याच्या खांबांवर दानशूर स्त्रीपुरुषांची नावे कोरलेली आढळतात. केवळ वादात जिंकण्यासाठी कोणी डोंगर कोरीत नाही. पुढे निरनिराळ्या देशांत बुद्धमूर्तींची पूजाही रूढ झाली, हे खरे. तथापि या शिकवणीस धर्म ठरविण्यासाठी त्या पूजेचा आधार घेण्याची गरज नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाचा मार्मिक विचार केला होता. त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ‘धम्म’ हा शब्द मुद्दाम निराळा ठेवला. मनुष्य एकटाच असेल तर त्याला धम्माची आवश्यकता नाही. परंतु दोन माणसे एकत्र आली की धम्मावाचून भागत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. माणसाने माणसाशी कसे वागावे, हा त्यांच्या मते धम्माचा गाभा होय.

हा त्यांच्या दृष्टीने केवळ शब्दांचा खल नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेता यावे म्हणून त्यांना आणि त्यांच्या अनुयायांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला होता. ज्यांना माणूस म्हणून पाणीही मिळत नव्हते, त्यांना जन्मावरून उच्चनीच न मानणारा धर्म हवा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि मग समोर जमलेल्या लक्षावधी लोकांना स्वतः दीक्षा दिली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील सुमारे ६५ लक्ष लोकांचा धर्म ‘बौद्ध’ असा नोंदला गेला.