मोजणाऱ्याच्या हातचे माप

बाजारात वाण्याने तराजूची दांडी बोटाने दाबली, तर आपल्या घरची म्हातारी आईदेखील भर रस्त्यात त्याला चार शब्द सुनावल्यावाचून राहत नाही. परंतु त्याच घरातील मुलाने वा मुलीने पाच-सहा वर्षे खपून लिहिलेला प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडला, किंवा कोणतेही कारण न देता ‘असमाधानकारक’ असा शेरा घेऊन परत आला, की साऱ्या घराची वाचा बसते. “गप्प राहा, सरांना दुखवू नकोस, पदवी पदरात पडू दे, मग काय ते बोल,” असा उपदेश सुरू होतो. हा उपदेश आपण प्रेमापोटी करतो, हे खरे. परंतु अन्यायाला त्याच्याइतका भरवशाचा सोबती दुसरा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत प्रबंध कसा लिहिला जातो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. दोन खोल्यांत पाच माणसे, घरी निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरात लागलेला दिवा, सकाळी दारातच लटकावे लागणारी लोकल, कुर्ल्याला उतरून कालिन्याची बस, संध्याकाळी शिकवण्या, आणि रविवारी मिस्सा आटोपून पुन्हा कागदांचा ढीग. त्या तीनशे पानांमागे बापाची ओव्हरटाइम असते आणि बहिणीचे पुढे ढकललेले लग्नही असते. अशा श्रमाचे मोल ठरविणाऱ्याने निदान तो वाचावा, वेळेत वाचावा आणि आपल्या निर्णयाची कारणे द्यावीत, एवढी अपेक्षा म्हणजे उद्धटपणा कसा ठरतो?

या बाबतीत आपल्याच मातीतील एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1922 च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सादर केला. ब्रिटिश राजवटीच्या चलनधोरणावर त्यात परखड टीका होती. 1923 च्या मार्च महिन्यात त्यात फेरफार करण्याची सूचना आली, आणि त्यामागे हा परखडपणाच असावा, असे मानले जाते. जवळचे पैसे संपत आलेले, मुंबईस परतणे भाग पडलेले. तरीही त्यांनी प्रबंध सोडला नाही. ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर झाला, नोव्हेंबरात मान्य झाला आणि त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली ती त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी. आणि शिष्याची काही मते आपल्याला मान्य नाहीत, हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच नमूद केले! मते पटत नाहीत, तरी कामाची योग्यता मान्य आहे, असे जाहीरपणे म्हणणारा गुरू हाच खरा परीक्षक. मतभेद म्हणजे नापासाचे कारण नव्हे, हा धडा शंभर वर्षांपूर्वी घालून दिला गेला. तो आमच्या विद्यापीठांतील कित्येक दालनांत अद्याप पोहोचायचा आहे.

कोणी म्हणेल, नियम नाहीत म्हणून असे घडते. तेही खरे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार पीएच.डी.चा प्रबंध मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासावा लागतो. त्यांपैकी एकाने तो नाकारला, तर तिसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावा लागतो. प्रबंध सादर केल्यापासून तोंडी परीक्षेच्या निकालापर्यंतचे सारे काम सहा महिन्यांत उरकेल, अशी व्यवस्था विद्यापीठाने करावयाची असते. पुढे 2023 च्या नियमावलीने विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल, अशी रचना सांगितली. केवळ ‘गुण वाढवा’ म्हणून लोकपालाकडे जाता येत नाही. परंतु मूल्यमापनातील नेमकी अनियमितता वा भेदभाव दाखवून दिला, तर दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने तर 2011 मध्येच परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहण्याचा हक्क मान्य केला. परीक्षकाचे नाव मात्र गुप्त ठेवण्यास मुभा दिली. म्हणजे परीक्षकाला संरक्षण आहे आणि विद्यार्थ्याला उजेडही आहे. उणीव आहे ती हे नियम कागदावरून उचलून टेबलावर ठेवणाऱ्या माणसांची.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. विद्यार्थी आपल्या लेखनाच्या प्रेमात असतो. प्रत्येक नापसंती त्याला अन्याय वाटू लागली, तर परीक्षकाने निर्भीडपणे मत द्यायचे कसे? आक्षेप रास्त आहे. कच्चा प्रबंध परत गेलाच पाहिजे, आणि कडक परीक्षक हा विद्येचा मित्रच असतो. बाबासाहेबांनीही दुरुस्त्या केल्याच. पण कडकपणा कारणे देतो आणि लहर कारणे देत नाही, हाच दोहोंमधला फरक आहे. ‘तिसऱ्या प्रकरणातील निष्कर्षाला पुरावा अपुरा आहे’ हे मूल्यमापन झाले. ‘असमाधानकारक’ हा एकच शब्द म्हणजे केवळ अधिकाराचा शिक्का.

विलंबाला तर मतस्वातंत्र्याचीही सबब नाही. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. तेव्हा गवगवा झाला, कारण विद्यार्थी लाखोंनी होते. प्रबंधाचा विद्यार्थी एकटा असतो. त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही, वर्तमानपत्रात चौकट येत नाही. नोकरीच्या जाहिरातीची मुदत मात्र त्याच्यासाठी थांबत नाही.

म्हणूनच त्याच्या पाठीशी प्रथम उभे राहायचे ते आपण, त्याच्या घरच्यांनी. मजुराची मजुरी अडवून ठेवणे हे पाप आहे, असे आपला धर्म आपल्याला शिकवितो. मग बुद्धीच्या मजुरीला तो न्याय का लागू नसावा? मुलाला भांडखोर बनवा, असे मी म्हणत नाही. प्रबंध सादर केल्याची पोच जपून ठेवायला सांगा. सहा महिने उलटताच लेखी विचारणा करायला सांगा, अहवालाची प्रत मागायला सांगा. भाषा नम्र असो, पण अर्ज लेखी असो. धर्मग्रामात प्राध्यापक आहेत, वकील आहेत, विद्यापीठाच्या कचेरीत आयुष्य घालवून निवृत्त झालेली मंडळी आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा मुलांसाठी द्यावी. आणि जे स्वतः मार्गदर्शक वा परीक्षक आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या कपाटात कोणाचा प्रबंध पडून आहे, ते एकदा पाहावे.

वाण्याच्या तराजूकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. विद्येच्या तराजूकडे पाहताना नजर खाली का वळावी?