भोंगा वाजल्यानंतर काय?

मे २०२५ मध्ये अनेक भारतीय शहरांनी कित्येक वर्षांनंतर धोक्याचे भोंगे ऐकले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशानुसार ७ मे रोजी देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव योजण्यात आला होता. ९ मेच्या सकाळी चंदीगडमध्ये भोंगे वाजले, ते मात्र सरावाचे नव्हते. हवाई दलाच्या तळाकडून संभाव्य हल्ल्याची सूचना मिळाल्याने नागरिकांनी घरातच थांबावे, सज्जांपासून दूर राहावे, असे प्रशासनाने कळवले.

ही सूचना स्वतंत्रपणे द्यावी लागली, कारण भोंग्याला शब्द नसतात. वरखाली होणारा स्वर म्हणजे धोका आणि अखंड, एकसुरी स्वर म्हणजे धोका टळला, हा संकेत १९७१ चे युद्ध पाहिलेल्या पिढीला परिचित होता. नंतरच्यांना हा आवाज चित्रपटांतून आणि वृत्तवाहिन्यांच्या पार्श्वसंगीतातूनच ठाऊक. जनजागृतीखेरीज त्याचा वापर करू नये, असे केंद्राला १० मे रोजी माध्यमांना सांगावे लागले, ते योग्यच झाले.

आवाजाच्या अर्थाविषयी संभ्रम असला की काय होते, हे अमेरिकेच्या हवाई राज्यात ऑगस्ट २०२३ मध्ये दिसले. लाहैना शहर वणव्यात जळत असताना भोंगे वाजवलेच गेले नाहीत. वास्तविक ते वणव्यासाठीही होते. परंतु लोक त्यांचा संबंध त्सुनामीशी जोडतात आणि डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच दिशेने धावतील, अशी भीती वाटल्याचे आपत्कालीन विभागाच्या प्रमुखांनी सांगितले. पाठोपाठ त्यांनी राजीनामा दिला. सुमारे शंभर जणांचा बळी गेला. निर्णयावर कठोर टीका झाली, तरी त्यामागील शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

भारतातही २००९ च्या दुरुस्तीने नागरी संरक्षण कायद्याच्या कक्षेत आपत्ती व्यवस्थापन आले आहे. हल्ल्याच्या वेळी घरात थांबायचे, पुराच्या वेळी उंचावर जायचे. नेमके काय, हे नुसत्या आवाजावरून कळणार नाही. मोबाइलवरील आपत्कालीन संदेशांच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या. हा उपाय उत्तम. पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईच्या अनेक भागांत वीज आणि दूरध्वनी दोन्ही बंद पडले होते. म्हणूनच सेलवर चालणारा रेडिओ, विजेरी, पिण्याचे पाणी, नेहमीची औषधे आणि कागदपत्रांच्या प्रती ही यादी जुनाट वाटली, तरी घरोघरी हवीच.

यादीपेक्षा अवघड आहे ते घरातल्यांचे आपसात ठरणे. अंथरुणाला खिळलेल्या आजींना जिन्यावरून कोणी उतरवायचे, गॅस आणि विजेचा मुख्य खटका कोणी बंद करायचा, मुले शाळेत असतील तर त्यांना आणायला निघायचे की नाही, हे मैदानावरील सरावात ठरत नाही.