दोर कोणी आवळायचा?

पत्रादेवीपासून पोळ्यापर्यंत गोमंतकाची लांबी कापीत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ वर अलीकडे एक दृश्य वरचेवर दिसू लागले आहे. सपाट पाठीच्या ट्रेलरवर, जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत उंच अशी ठेंगणी, चकचकीत स्पोर्ट्स कार चढविलेली असते. कधी ती लग्नसमारंभाकडे, कधी प्रदर्शनाकडे, तर कधी दुरुस्तीसाठी मुंबईच्या वा बंगळूरच्या वाटेवर असते. बघ्यांची नजर तिच्या रंगावर खिळते. आम्हांस मात्र तिच्या चाकांशी काय बांधले आहे, हे पाहण्याची खोड जडली आहे. जे दिसते ते समाधानकारक नाही. कोठे एकच पट्टा, कोठे नायलॉनचा दोर, तर कोठे हँडब्रेकवर आणि चाकाखालच्या दगडावर टाकलेला सगळा भरवसा!

हा प्रश्न धनिकांच्या हौसेचा आहे, त्याच्याशी सामान्य वाचकाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो थेट जिवाचा आहे. ट्रेलरवरील गाडीचा विमा उतरविलेला असतो. आपल्याकडील मोटार विम्यात गाडी दुसऱ्या वाहनावरून नेताना झालेले नुकसानही सामान्यतः धरलेले असते. ट्रेलरच्या मागून स्कूटरवर येणारी शिक्षिका किंवा मासळीची टोपली घेऊन निघालेला दुचाकीस्वार यांना गेलेला जीव परत मिळवून देणारी पॉलिसी अद्याप कोणत्याही कंपनीने काढलेली नाही.

थोडा हिशेब करून पाहावा. अमेरिकेतील व युरोपातील नियम असे गृहीत धरतात की, जोराचा ब्रेक लागला असता लादलेली वस्तू आपल्या वजनाच्या आठ-दशांश इतक्या जोराने पुढे झेपावते, आणि वळणावर निम्म्या वजनाच्या जोराने बाजूला सरकते. म्हणजे १,५०० किलोची गाडी पुढे १,२०० किलोचा आणि बाजूला ७५० किलोचा हिसका देणार. पट्टा ४५ अंशांच्या कोनात खाली ओढलेला असेल, तर त्याच्या ताणापैकी पुढच्या हिसक्याला अडविण्याच्या कामी सुमारे ७० टक्केच येतात. पट्ट्याला गाठ मारली, तो धारदार कडेवर घासला किंवा उन्हातान्हात वर्षभर पडून विरला, तर उरलेल्या बळाचीही शाश्वती नाही. दोराचे तर नावच नको. नायलॉन ताणला जातो, आणि ताणलेला दोर म्हणजे सैल दोर. अमेरिकेत अशा मोटारीला पुढून व मागून मिळून किमान दोन बंध हवेत, असा नियम आहे. तरीही जाणकार चारही चाकांना स्वतंत्र पट्टा लावतात. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात, पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर, ही चैन नव्हे, गरज आहे.

बांधण्याची जागाही महत्त्वाची. गाडीचा सांगाडा ट्रेलरला आवळून टाकला, तर खड्ड्यागणिक स्प्रिंग दबते, क्षणभर पट्टा सैल पडतो आणि त्याचा आकडा निसटतो. आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांचा तुटवडा कधीच नव्हता! म्हणून पट्टा टायरवरून घेऊन चाकच ट्रेलरला जखडावे. वरचे धूड मग आपल्या स्प्रिंगवर खुशाल हलो. स्टिअरिंगच्या दांड्यांना वा ब्रेकच्या नळ्यांजवळ आकडे अडकविणे हा तर शुद्ध अडाणीपणा होय. गाडी ट्रेलरवर ओढून घेण्यासाठी बंपरात स्क्रूने बसवितात ते कडे ओढण्यापुरतेच असते. प्रवासभर आडवा ताण सोसण्यासाठी नव्हे.

याहूनही दुर्लक्षित बाब वजनाच्या जागेची आहे. बऱ्याच स्पोर्ट्स कारचे इंजिन पुढे नसून आसनांच्या मागे, तर पोर्शे ९११ सारख्या गाडीचे मागच्या आसाच्याही पलीकडे असते. तिचे सुमारे साठ टक्के वजन मागच्या चाकांवर पडते. अशी गाडी सवयीप्रमाणे नाक पुढे करून चढविली की भार ट्रेलरच्या आसामागे जातो, पुढची जोडणी उचलली जाते आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा हेलकावू लागतो. मग पट्टे कितीही घट्ट असोत, ट्रेलर ओढणारे वाहनसुद्धा रस्त्याबाहेर जाते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीवर राहील अशा बेताने गाडी पुढे सरकविणे, किंवा ती उलटी चढविणे, हा यावरील उपाय. त्यास पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

आमच्या तारवट्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. बोटीवरचा माल आवळून बांधल्याखेरीज भर समुद्रात जायचे नसते, आणि वाटेत पुन्हा पुन्हा बंध तपासायचे असतात, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. अमेरिकेतील रस्त्यांवरही ट्रकचालकाने पहिल्या ८० किलोमीटरांच्या आत, आणि नंतर दर तीन तासांनी किंवा २४० किलोमीटरांनी, लादलेला माल तपासावा असे बंधन आहे. ज्या भूमीची तरुण पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर दोर आवळीत आली, त्याच भूमीच्या रस्त्यावर हे काम सर्वांत कमी मजुरीच्या क्लीनरवर सोपवावे, ही विसंगती आम्हांस खटकते.

कायदा याबाबतीत अर्ध्या वाटेवर थांबला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर दर टनामागे २,००० रुपये दंड आहे. माल मर्यादेबाहेर लोंबकळत असेल तर २०,००० रुपये. जादा वजनाच्या बाबतीत तर कलम ११३ नुसार, ते मालकाच्या माहितीने वा हुकमाने लादले गेले असे न्यायालयाला गृहीत धरता येते. परंतु वजनात बसणारी, कोठेही बाहेर न डोकावणारी, पण नीट न बांधलेली गाडी नाक्यावरून सुखेनैव सुटते. काट्यावर वजन कळते, पट्ट्याचा ताण कळत नाही. अपघात घडला की भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पहिला हात पडतो तो चालकावर. गाडीचा मालक, वाहतुकीचा ठेका घेणारा आणि 'आज रात्रीच पोहोचली पाहिजे' म्हणून घाई करणारा आयोजक हे तिघेही साक्षीदारांच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

आमची मागणी मोठी नाही. जादा वजनासाठी मालकाविरुद्ध जे गृहीतक कायद्याने स्वीकारले, तेच असुरक्षित बांधणीलाही लागू करावे. हे काम संसदेचे आहे. पण तोवर पत्रादेवी, मोले आणि पोळे येथील नाक्यांवर वाहतूक खात्याला एक गोष्ट आजच करता येईल. वाहने लादलेला ट्रेलर आला की कागदपत्रांबरोबर चार चाकांचे चार पट्टे हाताने ओढून पाहावेत, पट्ट्यावरील क्षमतेची चिठ्ठी वाचावी, आणि ती फाटलेली वा नाहीशी झालेली असेल तर नवा पट्टा येईपर्यंत ट्रेलर बाजूला उभा करावा. ट्रेलरवरची गाडी कोणाची, हे विचारण्याचे नाक्यावरील शिपायाला काहीच कारण नाही.